धाकट्याचा हातगुण

बाबांचं ब्लडप्रेशर थोरल्यानं घेतलं की जास्त यायचं आणि धाकट्यानं घेतलं की कमी. बस्स, एवढीच गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीवरून पन्नाशीला टेकलेला माणूस किती जळू शकतो, हे ज्याला सख्खा धाकटा भाऊ नाही त्याला सांगून पटायचं नाही.

थोरला वजनकाटे दुरुस्त करायचा. धंदा मूळचा बाबांचा. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. किराणावाल्यांचे, सोनारांचे, दवाखान्यांचे काटे तिथं यायचे. बाबांनी चाळीस वर्षं ते काम केलं आणि थोरल्याला शिकवलं. मग बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, काट्यावरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या, तेव्हा ते दुकानातून उठले आणि आतल्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले. गेली पाच वर्षं समोर माणूस उभा आहे एवढंच त्यांना कळायचं. कोण आहे ते आवाजावरून. त्यांना मोरीपर्यंत नेणं, नखं कापणं, ताटात काय कुठं वाढलंय ते सांगणं, सगळं थोरला आणि त्याची बायको करायची. ऑपरेशन करून घ्या म्हणून थोरल्यानं पाच वर्षं विनवण्या केल्या. बाबांचं एकच उत्तर: "आता काय बघायचं राहिलंय माझं?"

आणि मग आले आमचे जहाजवाले.

धाकटा जहाजावर स्वयंपाकी होता. दीड-दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी घरी उगवायचा. आला की घरात नुसता हलकल्लोळ. कुठल्या बंदरात कॅप्टन पाण्यात पडला, कुठल्या वादळात सूपचं भांडं छताला जाऊन चिकटलं, बाबा ऐकत बसायचे आणि पोट धरून हसायचे. थोरल्याची बायकोसुद्धा हसायची. "भाऊजी, पुढं काय झालं?" म्हणून पोळपाट सोडून दारात येऊन उभी राहायची. थोरल्यानं दिवसभर काय केलं हे तिनं गेल्या दहा वर्षांत विचारलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय खोटं आहे?

या वेळी आल्याच्या तिसऱ्या दिवशी धाकटा जेवताना सहज म्हणाला, "बाबा, डोळ्यांचं करून टाका ना."

आणि बाबा म्हणाले, "करू या की. तू जायच्या आत होईल का? तुझं तोंड एकदा नीट बघायचंय मला."

थोरल्याच्या घशात घास अडकला. पाच वर्षं! पाच वर्षं या माणसाच्या मागं फिरून घसा कोरडा झाला, आणि हा चार दिवसांचा पाहुणा ताटावरून न उठता होकार घेऊन मोकळा! बायकोनं पाण्याचा पेला पुढं सरकवला. थोरल्यानं तो घेतला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख मिळाली, धाकटा जायच्या आदल्या आठवड्यातला गुरुवार. पण तपासणीच्या वेळी बाबांचं ब्लडप्रेशर वरचं एकशे चौऱ्याऐंशी निघालं. तिथले डॉक्टर म्हणाले, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र आणा, वरचा आकडा एकशे पन्नासच्या आत असेल तरच हात लावतो.

नेहमीच्या डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी तो एकशे चौऱ्याऐंशी बघितला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"एका रीडिंगवर मी कुणाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. दवाखान्याची पायरी चढली की निम्म्या माणसांचं वाढतं. मशीन घरी न्या. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. बाबांना पाच मिनिटं शांत बसवायचं, बोलायचं नाही. एक रीडिंग, दोन मिनिटं थांबायचं, दुसरं रीडिंग. दोन्ही लिहायची. पहिला दिवस मी सोडून देणार, उरलेल्या सगळ्यांची सरासरी काढणार. ती सरासरी म्हणजे बाबांचं खरं ब्लडप्रेशर."

थोरल्याला हे लगेच पटलं. मोजमाप हा त्याचा प्रांत होता. मशीन त्यानंच उचललं, वही त्यानंच आणली, रकाने पट्टीनं आखले. पण घरी आल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, दोनदा घ्यायचंय ना? एक तू घे, एक मी घेतो. मलाही काहीतरी करू दे की बाबांचं."

नाही कसं म्हणणार? "घे," थोरला म्हणाला. "पण पहिलं मी घेणार."

पहिल्या सकाळी थोरल्यानं बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. एकशे बहात्तर. दोन मिनिटांनी धाकटा बसला. एकशे चोपन्न. संध्याकाळी तीच तऱ्हा. दुसऱ्या दिवशी थोरल्याचे एकशे साठ, धाकट्याचे एकशे पंचेचाळीस. तिसऱ्या दिवशी जवळजवळ तेच. कधी चौदाचा फरक, कधी अठराचा, पण धाकट्याचा आकडा खाली म्हणजे खाली.

"याच्या हातालाच गुण आहे," बाबा म्हणाले. "पट्टा याचा असला की कसं गार वाटतं."

"भाऊजींचा हातगुण आहेच मुळी," बायको म्हणाली. "परवा माझं डोकं दुखत होतं, त्यांनी नुसतं आल्याचं पाणी करून दिलं आणि थांबलं."

शेजारची म्हातारी वाटी परत करायला आली होती, तिनंही री ओढली. "असतो एकेकाचा हात. आणि एकेकाचा नसतो."

नसतो म्हणताना तिनं कुणाकडं बघितलं, हे काय सांगायला हवं? थोरल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या हातांनी रोज बाबांना आंघोळ घातली त्या हातांना गुण नाही, आणि दोन वर्षं बटाटे सोलून आलेल्या हातांना आहे! धाकट्याला त्यातलं काही कळत नव्हतं, हे तर आणखी वाईट. तो आपला हसत म्हणाला, "दादा, उद्या मी आधी घेतो, तू नंतर घे. बघू काय होतं."

"काही गरज नाही. पहिला मान माझा."

मोठ्या तोऱ्यात म्हणाला. सगळं कोडं तिथल्या तिथं सुटलं असतं, पण मोठेपणाची हौस आडवी आली.

त्या दिवशी दुकानात त्याचं लक्ष लागेना. समोर एका किराणावाल्याचा काटा उघडून ठेवला होता. असा काटा पुरता सुधारत नसला की थोरला त्यावर चिठ्ठी चिकटवून द्यायचा: 'दोन ग्रॅम जास्त दाखवतो, वजा करावे.' त्यात लबाडी नसते. काट्याला खोड आहे, ती माहीत आहे, तेवढी वजा केली की वजन खरं. चिठ्ठीला डिंक लावता लावता थोरल्याच्या डोक्यात आलं, की आपल्या रीडिंगचंही तसंच आहे. बाबांचं खरं ब्लडप्रेशर धाकट्याच्या हातचं. आपल्या हाताला काहीतरी खोड आहे, पट्टा घट्ट बसत असेल नाहीतर काय. पंधरा जास्त दाखवतो, वजा करावे. डॉक्टरीणबाईंना खरा आकडाच हवाय ना? मग खराच मिळेल!

माणूस स्वतःला फसवायला बसला की किती हुशार होतो बघा.

चौथ्या सकाळी त्यानं मशीन स्वतःकडं वळवून धरलं. धाकटा दाढी करत होता. पडद्यावर एकशे साठ आले. थोरल्यानं वहीत एकशे पंचेचाळीस लिहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "एकशे पंचेचाळीस."

"अरे वा!" बाबांचा चेहरा उजळला. "तुझाही हात बसला की! शाब्बास!"

शाब्बास. हा शब्द बाबांनी त्याच्यासाठी शेवटचा कधी वापरला होता, थोरल्याला आठवेना. त्याचे कान गरम झाले. बायकोनं आतून विचारलं, "खरंच?" धाकटा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला आणि त्यानं दादाच्या पाठीवर थाप मारली. एका खोट्या आकड्यावर अख्खं घर खूश. मग संध्याकाळी काय, पाचव्या दिवशी काय, सहाव्या काय आणि सातव्या काय, थोरला पंधरा वजा करत गेला. आठ वेळा केली त्यानं ती वजाबाकी, आणि आठही वेळा त्याला शाबासकी गोड लागली.

आठव्या दिवशी तिघंही डॉक्टरीणबाईंसमोर बसले. बाईंनी वही घेतली, पहिला दिवस काट मारून उडवला, उरलेली चोवीस रीडिंगं कॅल्क्युलेटरवर मांडली. वही थोरल्याची, त्यामुळं एकेक आकडा मोत्यासारखा.

"एकशे अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या. "दोनानंच का होईना, पण आत आहे. देते पत्र."

"म्हणजे गुरुवारी होणार!" धाकट्यानं बाबांचा गुडघा दाबला. बाबा त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून हसले, लहान मुलासारखे.

बाईंनी लेटरहेड ओढलं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "एकशे पन्नासची अट उगाच नसते हं. टेबलावर माणूस घाबरतो, आणखी चढतं. आत रक्तस्राव झाला तर आहे ती नजरही जाते. म्हणून तर सरासरी बघायची. पहिलं रीडिंग नेहमी चढं येतं, दुसरं उतरतं. पट्टा आवळला की अंग दचकतं, मग सरावतं. सगळ्यांचंच होतं तसं, दोन्ही मिळून खरं." मग वहीवरून बोट फिरवत त्या जरा थांबल्या. "तुमच्याकडं मात्र चौथ्या दिवसापासून पहिलं-दुसरं सारखंच आलंय. छान सरावले बाबा."

थोरला वहीतल्या रकान्यांकडं बघत राहिला.

पहिलं नेहमी चढं येतं. पहिलं तो घेत होता, दुसरं धाकटा. कसला हातगुण आणि कसलं काय! हात अदलाबदल केले असते तर आकडेही अदलाबदल झाले असते. धाकटा म्हणालाही होता. आणि त्यानं बदललेली आठही रीडिंगं मुळात खरी होती, बाबांचं ब्लडप्रेशर खरंच तेवढं होतं, आणि ते त्यानं आपल्या हातानं पुसून टाकलं होतं.

पेन कागदावरून पुढं चाललं होतं. बोलावं की गप्प बसावं? बोललं तर गुरुवार गेला. धाकटा जाणार, बाबा त्याचं तोंड न बघता राहणार, आणि जग म्हणणार, बघवलं नाही थोरल्याला. जग म्हणू दे, पण थोरल्याला स्वतःलाच भीती वाटली. कारण बाबांना धाकट्याचं तोंड दिसणार नाही हे मनात येताच आत कुठंतरी एक घाणेरडी गुदगुली झाली होती. ती त्याला स्पष्ट कळली. आता बोलायचं ते बाबांच्या डोळ्यांसाठी की त्या गुदगुलीसाठी? देव जाणे. त्यालाही ठरवता येईना.

बाईंनी सही करायला पेन उचललं.

"थांबा," थोरला म्हणाला. "आकडे खोटे आहेत."

आणि त्यानं सांगितलं. खाली मान घालून, आडपडदा न ठेवता. कोणत्या दिवसापासून, किती वजा केले, आणि का. 'का' सांगताना जीभ दोनदा अडखळली, पण सांगितलं. "याचा कमी येतो, माझा जास्त येतो, सगळे याच्या हाताचं कौतुक करतात, मला ते सहन झालं नाही."

बाईंनी आठही आकड्यांत पंधरा-पंधरा मिळवले आणि पुन्हा बेरीज केली.

"एकशे त्रेपन्न," त्या म्हणाल्या. पत्र चुरगाळून टोपलीत टाकलं. "गोळी सुरू करू. महिनाभरानं पुन्हा सात दिवस मोजायचं. मग बघू."

"महिनाभरानं मी इथं नाही," धाकटा म्हणाला. त्याचं हसरं तोंड थोरल्यानं पहिल्यांदाच असं पडलेलं बघितलं. "दादा, माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचा होता. दोन मुस्काटात द्यायच्या होत्यास."

बाबा खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होते. ते म्हणाले, "तुला काटा हातात दिला तेव्हा पहिला धडा काय दिला होता मी?"

"पहिलं वजन धरायचं नाही. आधी काटा दोनदा हलवून घ्यायचा."

"मग?"

दुसऱ्यांचे हजार काटे थोरल्यानं आधी हलवून मग तपासले होते. घरातलं माणूस मोजताना तेवढं विसरला.

बाबा त्याच्याशी चार दिवस बोलले नाहीत. ताट समोर आलं की जेवायचे, नखं पुढं करायचे, पण तोंडातून शब्द नाही. बायकोही नेमकंच बोलायची. "पोटात एवढं दुखत होतं तर सांगायचं तरी," एकदा म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरून आले, ते कशासाठी हे थोरल्यानं विचारलं नाही. धाकटा मात्र दोन दिवसांत पहिल्यासारखा झाला. गोळ्यांच्या डबीवर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करून दिल्या त्यानंच. त्याचा तो मोठेपणाही थोरल्याला टोचला. चुकलो आपण, आणि मोठा ठरतोय हा!

जायच्या दिवशी धाकटा बॅग दारात ठेवून बाबांच्या पायाशी बसला. बाबांनी दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं. कपाळ, भुवया, नाक, हनुवटीवरची जुनी खूण. हळूहळू, पुन्हा पुन्हा. "ठीक आहे," म्हणाले, "एवढं दिसलं." थोरला बॅग उचलायला उभा होता. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही तो जळत होता. इतक्या वर्षांत बाबांचा हात त्याच्या तोंडावरून असा फिरला नव्हता. त्यानं गुपचूप बॅग उचलली आणि रिक्षापर्यंत पोचवली. रिक्षात बसताना धाकटा म्हणाला, "बाबांना जप रे." एरवी थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. या वेळी तो नुसतं "हो" म्हणाला.

महिनाभर बाबांनी गोळी घेतली. मग थोरल्यानं वहीचं नवं पान आखलं. सात दिवस, दोन वेळा, दोन-दोन रीडिंगं, सगळी त्यानंच घेतली. पहिलं चढं यायचं, दुसरं उतरायचं. जसं आलं तसं लिहिलं, आणि मोठ्यानं वाचलं तेही तेच. बाबा नुसतं "हं" म्हणायचे. शाब्बास कुणी म्हटलं नाही. सरासरी एकशे अडतीस आली. डॉक्टरीणबाईंनी वही उलटसुलट करून बघितली, थोरल्याकडं एकदा निरखून बघितलं आणि पत्र दिलं.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. नर्स म्हणाली, समोर कुणीतरी घरचं उभं राहा. बायको डबा आणायला गेली होती. थोरला एकटाच होता, तोच पलंगासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या मनात आलं ते काही फार चांगलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, धाकट्याऐवजी मी. शेवटी मीच.

पट्टी निघाली. बाबांनी डोळा मिचकावला, पाणी आलं, नर्सनं कापसानं टिपलं. मग ते समोर बघत राहिले. कितीतरी वेळ बघत राहिले.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, बाबा."

आवाज ओळखून बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा वर आले.

"तू?" ते म्हणाले. "अरे, तुझे सगळे केस पांढरे झाले?"

"बरेच दिवस झाले त्याला."

"आणि गाल का असे आत गेलेत?"

"दाढा पडल्या दोन. गेल्या वर्षी."

बाबा उशीवरून थोडे पुढं झाले.

"मला कुणी सांगितलं नाही रे," ते म्हणाले. "आवाज तोच, म्हणून मला वाटलं, तू आहेस तसाच आहेस. जहाजवाल्याचं तोंड बघायचं, जहाजवाल्याचं तोंड बघायचं, म्हणत बसलो. तू रोज इथंच होतास. तुझं तोंडही दिसत नाहीये, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

थोरल्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं. पन्नाशीचा माणूस, नर्ससमोर, हुंदके देऊन. ज्या जागेसाठी जन्मभर जळला ती मिळाली होती, आणि तिथं नीट उभंही राहता येत नव्हतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि दाराकडं वळला.

"कुठं चाललास?" बाबांनी त्याचा सदरा धरून ओढला. "बस इथं उजेडात. बघू दे मला."